डोक्यावरची तुळस जिवंत राहिली पाहिजे

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, माघ महिन्यात, देवळाच्या सभामंडपात केलेलं भाषण)





स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं होतं, की बुवा, तुम्ही दिंडीच्या शंभर वर्षांवर बोला. आम्ही म्हणालो, इतिहास मास्तर सांगतील. ते शिकलेले आहेत, त्यांच्याकडं वह्या आहेत. आम्ही चौथी शिकलेली माणसं. आम्हाला माती कळते, अन् पांडुरंगाच्या कृपेनं चार शब्द बोलता येतात. म्हणून आम्ही एका झाडावर बोलणार आहोत. आणि हे कीर्तन नव्हे. कीर्तन रात्री आहे, अभंग तेव्हा घेऊ. आत्ता मातीचं, खताचं, पाण्याचं बोलायचं आहे. कुणाला कंटाळा आला तर खुशाल उठून चहा प्यावा.

गेल्या आषाढी वारीत आम्ही दिवे घाट चढताना मागं वळून बघितलं. आपल्या दिंडीत डोक्यावर तुळस घेतलेल्या सतरा माऊल्या होत्या. वारा सुटला होता. वाऱ्यानं सगळ्यांचे पदर हलत होते, पण बऱ्याच तुळशींचं पान हलत नव्हतं. आम्ही थांबून नीट बघितलं, तर सतरातल्या अकरा तुळशी प्लॅस्टिकच्या. लांबून हिरव्यागार, जवळ गेलं की पानावर शिवण दिसते.

सासवडच्या मुक्कामाला आम्ही एका आक्कांना विचारलं. त्या तीस-बत्तीस वर्षं वारी करतात, आमच्यापेक्षा वडील आहेत. म्हटलं, आक्का, घरी अंगणात एवढी थोरली तुळस असून ही दुकानातली का आणली? त्या म्हणाल्या, "बुवा, खरी न्हेली तर लोणंदला वाळती. मागं दोन साल न्हेली. फलटणला नुसत्या काड्या राहिल्या. वाळल्याली तुळस डोक्यावर घिऊन देवापुढं कसं जायचं, तुमीच सांगा. ही निदान हिरवी तरी ऱ्हाती."

आता याच्यावर काय बोलणार? त्या माऊलीचा भाव खोटा नव्हता. प्लॅस्टिक तिनं हौसेनं घेतलं नव्हतं, देवापुढं सुकं झाड नेण्याची लाज वाटली म्हणून घेतलं होतं. ज्यांनी ज्यांनी प्लॅस्टिकची तुळस आणली, त्यांना कुणी टोचून बोलू नये, अशी आमची पहिली विनंती आहे. दोष भक्तीत नाही, लावणीत आहे. आणि लावणीतला दोष शेतकऱ्याच्या पोराबाळांनी काढायचा नाही तर कुणी काढायचा?

तुळस वाटेत का मरते ते आधी बघू. आपण काय करतो? ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान असतं. दोन दिवस आधी गाठोडी बांधायची गडबड. त्या गडबडीत अंगणातलं एक रोप खुरप्यानं उपटायचं अन् पितळेच्या नाहीतर पत्र्याच्या वृंदावनात कोंबायचं. वर मूठभर माती, वर पाणी, हळदकुंकू, की निघालो. आता जे झाड उपटलं त्याची बारीक पांढरी मुळं जागेवरच तुटून राहिली. पाणी पिणारी तीच मुळं. जाड मूळ नुसतं झाडाला धरून ठेवतं, तहान बारीक मुळांनी भागते. अशा झाडाला सावलीत आठ-दहा दिवस निजवावं लागतं. आपण त्याला डोक्यावर घेऊन दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर उन्हावाऱ्यात चालवतो. पुणे ते सासवड तर तीसेक किलोमीटरचा टप्पा. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला कुणी घाट चढायला लावतं का?

तेव्हा पहिली गोष्ट ही, की वारीची तुळस उपटून न्यायची नाही. ज्या भांड्यातून ती वारीला जाणार, त्याच भांड्यात ती वाढली पाहिजे. मुळांनी ते भांडं आपलं घर म्हणून धरलं पाहिजे. हे एवढं एक जमलं तरी निम्मं काम झालं.

त्यासाठी पाडव्याला बी टाकायचं. गुढी उभारली, नैवेद्य झाला, की त्याच दिवशी. पाडव्यापासून ज्येष्ठ वद्य अष्टमीपर्यंत ऐंशी-पंच्याऐंशी दिवस मिळतात, अधिक महिना मधे आला तर जास्तच. तेवढ्यात तुळस वारीला जाण्याजोगी होते.

बी कोणतं? तर आपल्याच अंगणातलं. कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं, द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कुणी कधी लावतं. लग्न झाल्यावर मंजुळा तशाच झाडावर राहू द्याव्यात. मार्गशीर्षात त्या तपकिरी होतात, हाताला खरखरीत लागतात. तेव्हा त्या काढून दोन दिवस सावलीत वाळवायच्या, तळहातावर चोळायच्या अन् फुंकर मारायची. हलकी फुंकर बरं का, जोराची मारली तर बी पण जातं. तुळशीचं बी खसखशीएवढं बारीक, तांबूस तपकिरी असतं. काळंभोर, जरा मोठं, पाण्यात टाकल्यावर फुगून बुळबुळीत होणारं बी दिसलं तर तो सब्जा आहे. सब्जा उन्हाळ्यात पाण्यात घालून प्यायला चांगला, पण ती वृंदावनातली तुळस नव्हे. बाजारात कधी कधी हे दोन्ही एकाच नावानं देतात.

काही माऊल्या विचारतात, काळी न्यावी का पांढरी? काळी म्हणजे कृष्ण तुळस, देठ जांभळट, पानावर पण ती झाक. पांढरी म्हणजे राम तुळस, हिरवीगार. रामकृष्ण हरी म्हणणाऱ्यानं यात भेद करू नये. तुमच्या अंगणात जी जोमानं येते ती न्या.

आता माती. आपली काळी जमीन ज्वारीला चांगली, हरभऱ्याला चांगली, पण नुसती काळी माती कुंडीत घातली तर पाणी धरून बसते अन् वाळली की भेगाळते. भेगाळताना मुळं तोडते. आणि डोक्यावर घ्यायचं म्हटलं तर ओली काळी माती म्हणजे धोंडाच. म्हणून वारीच्या भांड्याला आम्ही असं मिश्रण करतो: एक वाटा पोयट्याची माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत, एक वाटा नारळाच्या काथ्याचा भुसा. भुसा आता तालुक्याला रोपवाटिकेत विकत मिळतो. तो वजनाला हलका अन् पाणी धरून ठेवतो. शेणखत मात्र जुनं पाहिजे, हातात घेतलं तर मातीसारखा वास आला पाहिजे. ताजं शेण घालायचं नाही. गाईचं आहे, पवित्र आहे, सगळं खरं, पण ताज्या शेणाच्या उष्णतेनं मुळं भाजतात.

भांड्याच्या बुडाला भोक पाहिजे. पितळेच्या वृंदावनाला भोक पाडवत नसेल तर आत बसेल असा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्याला बुडाला तीन-चार भोकं पाडा, त्यात तुळस वाढवा अन् वारीला निघताना तो डबा वृंदावनात ठेवा. प्लॅस्टिक तिथं चालेल. डबा प्लॅस्टिकचा असला तर बिघडत नाही, तुळस प्लॅस्टिकची नको. भोकावर नारळाच्या शेंडीचा चोथा किंवा खापरीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे पाणी निथळतं, माती वाहून जात नाही.

बी टाकताना ते खोल गाडायचं नाही. बारीक बी खोल गेलं की वर येता येत नाही. माती ओली करून घ्यावी, बी चिमटीनं भुरभुरावं, वर चाळलेल्या मातीचा नुसता हात फिरवावा. पाणी तांब्यानं ओतू नये, हातानं शिंपडावं. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते, कधी पंधरा लागतात. चैत्राचं ऊन कडक असतं म्हणून दुपारपुरतं वर जुनं लुगडं बांधावं. रोपं चार-सहा पानांची झाली की एका भांड्यात चांगली दोन-तीन ठेवून बाकीची बोटानं अलगद काढावीत. काढलेली फेकू नयेत, शेजारी द्यावीत.

यापुढचं काम मायमाऊल्यांना जड जातं. रोप चार बोटं उंच झालं की त्याचा शेंडा खुडायचा.

हे आम्ही सांगितलं की बाया कानावर हात ठेवतात. "तुळशीला नख लावायचं? पाप न्हवं का?" अहो माऊली, शेंडा खुडला नाही तर तुळस एका काडीवर सरळ वर जाते, लगेच मंजुळा धरते, बी धरते अन् झाडाला वाटतं आपलं काम झालं. मग पानं बारीक होतात, खालून गळायला लागतात. शेंडा खुडला की खालच्या दोन पानांच्या बेचक्यातून दोन फांद्या फुटतात. पंधरा-वीस दिवसांनी त्या दोघींचे शेंडे खुडले की चार. असं दोन-तीनदा केलं की तुळस वीतभर उंच अन् तेवढीच रुंद, गुटगुटीत होते. डोक्यावर घ्यायला अशीच पाहिजे. उंच काडी दिवे घाटाच्या वाऱ्यात मोडते, बसकी तुळस मोडत नाही. मंजुळा दिसली की कोवळी असतानाच खुडून देवाला वाहायची. देवाला मंजुळा प्रिय आहेत अन् झाडाला त्या काढलेल्या मानवतात. दोन्ही कामं एका खुडण्यात होतात. इतकं सोपं ज्याचं गणित, ते पाप कसं होईल?

वारीच्या आधी पंधरा दिवस सावली काढून टाकायची. सकाळी दोन तास, मग चार तास, मग दिवसभर उन्हात. पाणी थोडं कमी करायचं, पान जरा मलूल दिसलं की मगच घालायचं. सवय झाली पाहिजे तिला. आपणसुद्धा वारीच्या आधी चार दिवस अनवाणी चालून बघतोच की.

वाटेत पाणी संध्याकाळी मुक्कामाला घालायचं, सकाळी नाही. सकाळी घातलं तर भोकातून पाणी चुंबळीवर अन् चुंबळीतून मानेवर उतरतं, मग बाई वैतागते अन् दुसऱ्या दिवशी पाणीच घालत नाही. संध्याकाळी घातलं की रात्रीतून निथळून जातं. टँकरच्या पाण्याला औषधाचा उग्र वास येत असला तर ते बादलीत रात्रभर उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी वापरावं. आणि तंबूत, ट्रकमध्ये सामानाखाली तुळस ठेवायची नाही. रात्री बाहेर उघड्यावर ठेवावी, तिला दव मिळतं. चोरीला जाईल म्हणता? तुळस चोरून नेणारा चोर भेटला तर आम्हाला दाखवा, आम्ही त्याला माळ घालू.

आता घरच्या वृंदावनाचं थोडं बोलतो, कारण तिथंसुद्धा तुळस मरते आहे अन् आपणच मारतो आहोत. पूजा करूनच मारतो, हे त्यातलं वाईट. सिमेंटचं वृंदावन आणलं, रंग छान, पुढं विठ्ठल-रुक्मिणीचं चित्र, पण बुडाला भोक नाही. पावसाळ्यात आत डबकं साचतं, मुळं कुजतात. छिन्नी-हातोडी घेऊन आधी भोक पाडा. मग रोज काय काय पडतं तिथं बघा. दिव्यातलं उरलेलं तेल, अभिषेकाचं दूध, कुंकू, उदबत्तीच्या काड्या खोचलेल्या, तांदूळ, सुपारी, निर्माल्य. तेलानं माती चिकट होते, पाणी आत मुरत नाही. दुधानं मुंग्या अन् बुरशी येते. हळदकुंकू पानाला अन् खोडाला फासतात, त्यानं पान गुदमरतं. हळदकुंकू वृंदावनाच्या कट्ट्याला लावा. दिवा देवळीत लावा, अन् देवळी झाडापासून लांब असेल असं बघा. दिव्याची धग खालच्या फांद्यांना लागते म्हणून त्याच बाजूची पानं आधी करपलेली असतात. पाणी मात्र साधं, स्वच्छ, सकाळचं. पावसाळ्यात माती ओली असेल तर नियम मोडू नये म्हणून चमचाभरच घालावं, तांब्या रिता करायची गरज नाही.

आणि एक बोलायला अवघड, पण बोलतो. बाईला अडचणीचे चार दिवस असतात. कित्येक घरांत त्या दिवसांत ती तुळशीला शिवत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा रिवाज, आम्ही त्यावर इथं वाद घालत नाही. पण वैशाखातले चार दिवस कुंडीतली तुळस पाण्याविना कशी राहील? त्या चार दिवसांत घरातल्या बाप्यानं पाणी घालावं. आम्ही गळ्यात माळ मिरवतो, ती तुळशीच्याच खोडाची. एकशे आठ मणी अन् वर मेरुमणी. झाड जून झाल्यावर त्याचं खोड वाळवतात, साल काढतात, तुकडे करून भोक पाडतात, तेव्हा तो एकेक मणी होतो. पंढरपुरात काशीकापडी समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली. ज्या झाडाचं खोड गळ्यात आहे त्याला तांब्याभर पाणी घालायला आपला हात जड होतो, हे काही बरोबर नाही.

किडीचं बोललं पाहिजे. उन्हाळ्यात पान फिकट होऊन त्यावर बारीक पांढरे ठिपके पडले अन् पालथं केल्यावर काळे डाग अन् बारीक किडे दिसले, की पहिल्यांदा पाण्याच्या धारेनं पानाची खालची बाजू धुवावी. तीन-चार वेळा धुतलं की पुष्कळ कमी होतं. नाही झालं तर निंबोळी. पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यानं गाळून फवारायचा. शेतातलं औषध तुळशीवर मारायचं नाही. हे पान आपण तीर्थात घालतो, नैवेद्यावर ठेवतो, लेकराच्या तोंडात देतो. शेतातला पंपसुद्धा वापरायचा नाही. ज्या पंपानं तणनाशक मारलं तोच धुऊन तुळशीवर मारला, अन् दोन दिवसांत तुळस करपली, असं आम्ही आपल्याच गावात बघितलं आहे. पंप कितीही धुतला तरी नळीत राहतंच.

मोबाईलवर काय काय येतं, तेही कानावर असू द्या. तुळस रात्रंदिवस ऑक्सिजन सोडते म्हणतात. आम्ही नातीला विचारलं, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे की झाड उजेडातच हवा शुद्ध करतं. तुळससुद्धा झाडच. काढ्यानं सगळे रोग जातात असंही आम्ही म्हणणार नाही. घसा खवखवला, सर्दी झाली तर घ्या काढा, पण ताप तीन दिवस राहिला तर दवाखाना गाठा. तुळशीला मोठेपण आहेच. तिच्या नावानं खोटं सांगून ते वाढवायला नको.

आता खुडणीचं. खुडायची सकाळी, दव वाळल्यावर. हात जोडून, मनात नाव घेऊन. सूर्य मावळल्यावर खुडत नाहीत, द्वादशीला खुडत नाहीत, कुणाकडं रविवारी खुडत नाहीत. म्हणून एकादशीची अन् बारशीची तुळस दशमीलाच काढून ठेवायची. तुळस शिळी होत नाही असं आपल्याकडं मानतात, तेव्हा काळजी नाही. ठेवायची मात्र नीट. ओल्या धोतराच्या फडक्यात सैल गुंडाळून टोपलीत, गार जागी. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी मारून बांधली की घामेजून काळी पडते. फ्रीजमध्ये ठेवली तरी काळी पडते.

ओरबाडायची नाही. एका हातानं फांदी धरायची, दुसऱ्या हाताच्या नखानं चार पानांचा शेंडा, दोन पानांच्या जोडीच्या लगेच वर तोडायचा. एका वेळेला झाडाचा तिसरा हिस्साच घ्यायचा, दोन हिस्से तिचे तिला ठेवायचे. असं खुडलं तर दोन-तीन आठवड्यांत झाड परत भरतं. आषाढी-कार्तिकीला बाजारात मुळासकट उपटलेल्या तुळशीचे भारे येतात, ते बघून आमच्या पोटात कालवतं. विकणाऱ्यालाही पोट आहे, त्याला काय म्हणायचं? पण आपल्याला अंगण असताना आपण ते का घ्यावं?

आम्ही एकदा मोजदाद केली. हातभर लांब गच्च हाराला नव्वद-शंभर शेंडे लागतात. आपल्या देवळातल्या पांडुरंगाला अडीच हात हार लागतो, म्हणजे अडीचशेच्या आतबाहेर शेंडे. चांगलं वाढलेलं एक झाड, तिसरा हिस्सा घेतला तर, चाळीस-पन्नास शेंडे देतं. म्हणजे पाच-सहा झाडांत एक हार. या दिंडीत शंभरावर घरं आहेत. घरटी दोन झाडं धरली तर दर एकादशीला देवाला हार घालूनसुद्धा एका घराची पाळी वर्षातनं फार तर एकदाच येईल. आणि आपण तालुक्याहून हार विकत आणतो.

अंगण नाही म्हणणाऱ्यांना एक सांगतो. आपली पुष्कळ पोरं आता पुण्याला, पिंपरीला, ठाण्याला असतात. गॅलरीत कुंडी ठेवतात, ती मरते, परत आणतात. पाणी कमी पडून मरत नाही, ऊन कमी पडून मरते. दिवसाला पाच-सहा तास ऊन जिथं येतं तीच तुळशीची जागा. देवघराशेजारी अंधारात ठेवून भागत नाही.

तीन वर्षांखाली आपल्या वरच्या आळीत एक म्हातारे वारकरी रात्री दोनच्या सुमाराला अखेरच्या घटका मोजत होते. घरच्यांनी गंगाजळाची कुपी काढली. तुळशीचं पान पाहिजे. त्यांच्या वृंदावनात काडी. शेजारी गेले, काडी. पौषाची थंडी, पाणी कुणी घातलं नव्हतं. बॅटरी घेऊन पोरं सात घरं हिंडली. आठव्या घरी, ज्यांना आपण माळकरी म्हणत नाही त्यांच्या परसात, पत्र्याच्या डब्यात हिरवी तुळस सापडली. सूर्य मावळल्यावर खुडू नये हा नियम त्या घरच्या पोरानं मोडला अन् पान दिलं. म्हाताऱ्यांच्या ओठावर ते पान पडलं अन् दहा-पंधरा मिनिटांत ते गेले. आम्ही तिथं बसलो होतो. टाळ वाजवणारी चाळीस घरं त्या आळीत आहेत.

थंडीत तुळस मान टाकते हे खरं आहे. पौष-माघात पानं गळतात, वाढ थांबते. त्या दिवसांत पाणी थोडं पण दुपारी कोमट उन्हात घालावं, भिंतीच्या आडोशाला ठेवावं, छाटणी करू नये. काडी दिसली म्हणून उपटू नका. नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर फाल्गुनात ती फुटते. दोन-तीन वर्षांत झाड जून होतं, तेव्हा शेजारी दुसरं तयार असलं पाहिजे. आणि म्हातारं झालेलं खोड उकिरड्यावर टाकायचं नाही. सरळ, बोटाएवढं जाड असेल तर सावलीत वाळवून ठेवा, माळेच्या कामाला येतं. बारीक काड्या होमाला किंवा कुणाच्या सरणाला.

पंढरपुराला पोहोचल्यावर काय, हे राहिलं. डोक्यावरची तुळस चंद्रभागेच्या वाळवंटात ठेवून यायची नाही. पाणी चढलं की ती वाहून जाते अन् नाही चढलं की पायदळी जाते. काला झाला की तिला परत घरी आणा. येताना एसटीत मांडीवर घ्या. नाहीच जमलं तर पंढरपुरात ज्या घरी उतरलो त्या माऊलीला द्या, तिच्या अंगणात लावून या. अठरा दिवस महाराजांच्या पालखीबरोबर चाललेली तुळस आहे ती. घरी आणून वृंदावनात लावली तर पुढच्या वर्षीचं बी तिच्याच मंजुळांचं धरता येईल.

येत्या आषाढीला दिंडी एकशे एकाव्या वर्षात चालणार. चोपदारांशी आमचं बोलणं झालं आहे, डोक्यावर खऱ्या तुळशी निघाल्या तर त्या मायमाऊल्यांना सावलीसाठी अन् पाण्यासाठी दर विसाव्याला दहा मिनिटं जास्त देणार आहेत. दिंडीच्या ट्रकला पाण्याचा एक ड्रम फक्त तुळशींसाठी बांधू, तो आम्ही आमच्या घरचा देतो.

बी आणलं आहे. आमच्या घरच्या काळ्या तुळशीचं अन् सासवडला बोललेल्या त्या आक्कांच्या घरच्या पांढऱ्या तुळशीचं, दोन्ही वेगळं ठेवलं आहे. वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्यात, वीणेकरी बुवांच्या शेजारी टोपलीत आहेत. एका घराला एक पुडी, दोन नकोत. पुडीत चिमूटभरच आहे, पण दोन-तीन भांड्यांना पुरेल. पाडव्यापर्यंत कोरड्या जागी ठेवा, चुलीजवळ नको, देव्हाऱ्यात समईशेजारी नको. ज्यांना काथ्याचा भुसा पाहिजे त्यांनी आज नाव लिहून द्यावं, तालुक्याहून एकदमच आणू म्हणजे स्वस्त पडेल. आणि चैत्री एकादशीला कुणाचं किती उगवलं ते देवळात येऊन सांगा. ज्यांचं उगवलं नाही त्यांना आम्ही रोप देऊ.

रामकृष्ण हरी.